डोंगरावर अंडं उबतं कसं?

लेहच्या विमानतळावर उतरलात की पहिली सूचना मिळते ती विश्रांतीची. आजचा दिवस आणि जमलं तर उद्याचाही, काही करू नका. पायऱ्या सावकाश चढा, पाणी पीत राहा, डोकं दुखायला लागलं तर लगेच सांगा. जे ऐकत नाहीत ते संध्याकाळपर्यंत कपाळ धरून बसतात. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तिथला हवेचा दाब मुंबईतल्या दाबाच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के. पण सगळी हवाच विरळ, म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा ऑक्सिजन एक तृतीयांशाने कमी. पाणीसुद्धा ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे कुकर नसेल तर डाळीची वाट बघत बसावं लागतं.

माणूस एकदोन दिवस पडून काढतो आणि मग त्याला त्या हवेची थोडीफार सवय होते. आता अशा एखाद्याचा विचार करा, ज्याला पडून काढण्याची सोय नाही, खाली उतरता येत नाही आणि खोल श्वासही घेता येत नाही, कारण त्याची फुफ्फुसं अजून सुरूच झालेली नाहीत. कोंबडीच्या अंड्यातलं पिल्लू. त्याच्या हाताशी २१ दिवस असतात, एक बंद कवच असतं आणि बाहेर जी असेल ती हवा.

मैदानी भागातून उबवणीची अंडी एवढ्या उंचीवर नेली, खुडूक कोंबडीखाली नाहीतर यंत्रात ठेवली, तर त्यातली बरीचशी वाया जातात. तिबेटच्या पठारावरच्या स्थानिक कोंबड्या मात्र शतकानुशतकं तिथेच अंडी घालतात, तिथेच खुडूक बसतात आणि पिल्लांचं लटांबर घेऊन अंगणात हिंडतात. त्यांचीही सगळी अंडी निघत नाहीत, पण पाहुण्या कोंबड्यांपेक्षा पुष्कळ जास्त निघतात. हे त्यांना कसं जमतं, याचा शोध शास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं घेत आहेत. गंमत अशी, की त्या शोधातली सगळ्यात रंजक गोष्ट कोंबडीपेक्षा तिच्या अंड्यात दडलेली आहे. म्हणून आधी अंड्याकडे वळू.

कवचातून चालणारा श्वास

उकडलेलं अंडं सोलताना त्याच्या बोथट टोकाला एक खळगा दिसतो, तो तुम्ही नक्की पाहिला असेल. ती हवेची पोकळी. अंडं जितकं शिळं, तितका खळगा मोठा. घरातली मोठी माणसं अंडं पाण्यात टाकून ताजं की शिळं ते ओळखतात, तेही याच कारणामुळे. कवचाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यातून आतलं पाणी वाफ होऊन हळूहळू बाहेर जातं, त्याची जागा हवा घेते आणि हलकं झालेलं अंडं तरंगायला लागतं.

कोंबडीच्या एका अंड्याला अशी साधारण १०,००० छिद्रं असतात. अमेरिकेतल्या बफेलो इथे हर्मन रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात या छिद्रांचा अगदी वाण्याच्या खातेवहीसारखा जमाखर्च मांडला. ६० ग्रॅमचं अंडं २१ दिवसांत सुमारे ६ लिटर ऑक्सिजन आत घेतं, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं आणि ११ लिटर पाण्याची वाफ सोडतं. वाफेचे हे ११ लिटर म्हणजे वजनात ९ ग्रॅमच्या आसपास पाणी. शेवटी बाहेर येणारं पिल्लू ३९ ग्रॅमचं असतं.

एक लिटरच्या दुधाच्या सहा पिशव्या डोळ्यांसमोर आणा. एवढा ऑक्सिजन मुठीत मावणाऱ्या अंड्यात शिरतो, आणि तो आत ढकलायला ना भाता असतो ना पंप. पंखा बंद असलेल्या खोलीत एका कोपऱ्यातल्या उदबत्तीचा वास दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जातो, तसाच ऑक्सिजन जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे आपोआप सरकतो. कवचाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांचं दाट जाळं पसरलेलं असतं, ते त्याला उचलून घेतं. उबवायला ठेवलेलं अंडं सातव्या-आठव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरलं, तर हे जाळं लालसर कोळ्यासारखं दिसतं. पिल्लाचं तेच तात्पुरतं फुफ्फुस.

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू आतला पडदा चोचीने फोडून त्या बोथट टोकाच्या पोकळीत डोकं घालतं आणि आयुष्यातला पहिला खरा श्वास घेतं. ज्यांनी घरी कोंबड्या पाळल्या आहेत, त्यांनी तडा न गेलेल्या अंड्यातून येणारी चिवचिव ऐकली असेल. ती त्या श्वासाची. त्यानंतर चोचीच्या टोकावरच्या इवल्याशा कठीण उंचवट्याने ते कवच टोचायला लागतं.

कठीण काळ असतो तो याच्या जरा आधीचा. पिल्लू जवळजवळ पूर्ण वाढलेलं असतं, त्याची ऑक्सिजनची भूक सगळ्यात जास्त असते आणि छिद्रं मात्र पहिल्या दिवशी होती तेवढीच असतात. अंडी निघून गेल्यावर खाली उरलेलं एखादं अंडं फोडलं, तर कधीकधी आत पिसांसकट तयार झालेलं मेलेलं पिल्लू सापडतं. मैदानात ते क्वचित दिसतं. उंचीवर असा शेवट पुष्कळ पिल्लांच्या वाट्याला येतो.

कात्रीत सापडलेलं अंडं

तुम्ही म्हणाल, मग उंचावरच्या कोंबडीने जास्त छिद्रांचं अंडं घालावं, प्रश्न मिटला. पण तो मिटत नाही.

विरळ हवेत वायूचे कण एकमेकांवर कमी आदळतात, त्यामुळे कोणताही वायू तिथे जास्त वेगाने पसरतो. पाण्याची वाफही. लेहइतक्या उंचीवर तेच अंडं, तेवढीच छिद्रं आणि हवेत तेवढाच ओलावा असला, तरी पाणी जवळजवळ दीडपट वेगाने निघून जातं. त्यातून तिथली हवा मुळातच कोरडी. छिद्रं वाढवली तर ऑक्सिजन मिळेल, पण पिल्लू आतल्या आत सुकेल. छिद्रं कमी केली तर पाणी वाचेल, पण जीव गुदमरेल. ऑक्सिजनला आणि पाण्याला जायला-यायला वाट एकच आहे.

या कात्रीतून कोंबडी कशी सुटते, हे पाहायला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेत एक मोठा प्रयोग झाला. तिथे सुमारे ३,८०० मीटर उंचीवर कॅलिफोर्निया विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. मैदानातल्या कोंबड्या वर नेऊन तिथे पिढ्यान्पिढ्या वाढवल्या गेल्या. सुरुवातीला फारच थोड्या अंड्यांतून पिल्लं निघाली. जी निघाली, मोठी झाली, त्यांचीच पुढची पिढी. असं करत गेल्यावर काही पिढ्यांत पिल्लं निघण्याचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं आणि मग एका जागी अडून बसलं. मैदानातल्या आकड्यापर्यंत ते पोचलं नाही.

रान यांनी या कोंबड्यांच्या अंड्यांची कवचं तपासली, तर त्यांची सच्छिद्रता कमी झालेली आढळली. म्हणजे कात्रीत सापडल्यावर कवचाने आधी पाणी वाचवायचं ठरवलं होतं. त्याहून नवलाची गोष्ट पुढे आली. याच कोंबड्या वरून १,२०० मीटरवर आणल्या, तर काही आठवड्यांतच त्यांची अंडी पुन्हा जास्त सच्छिद्र व्हायला लागली. जनुकं तीच, कोंबडी तीच, फक्त हवा बदलली. कोंबडीचं शरीर बाहेरच्या हवेचा अंदाज घेऊन कवच घडवतं, जसं आपण दोन दिवसांत लेहच्या हवेला सरावतो.

पण हे झालं पाण्याचं. कवचाने पाणी वाचवलं, तरी ऑक्सिजन कमीच राहणार. तो भार शेवटी पिल्लालाच उचलावा लागतो, आणि ते तो किती उचलू शकतं हे आईबापांकडून मिळालेल्या जनुकांवर ठरतं. तिबेटी कोंबडीची खरी गोष्ट इथून सुरू होते.

तिबेटी कोंबडीकडे काय आहे?

दिसायला ती काही खास नाही. अंगाने लहान, मादीचं वजन किलोच्या आसपास, पाय बारीक पण चपळ, उडण्यात तरबेज. वर्षाला शंभर अंडीसुद्धा देत नाही. पोल्ट्रीच्या धंद्यातला कोणी माणूस तिच्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही.

चीनमधल्या संशोधकांनी तिची परीक्षा घेण्यासाठी एक साधी युक्ती केली. तिची अंडी आणि मैदानी जातींची अंडी, दोन्ही सखल भागातच उबवणी यंत्रात ठेवली आणि यंत्रातला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आणला. ही युक्ती मला फार आवडते. हवेचा दाब मैदानातलाच असल्यामुळे अंडी जास्त वेगाने सुकण्याचा प्रश्नच आला नाही. पाण्याची अडचण बाजूला सारून फक्त ऑक्सिजनची परीक्षा घेता आली. त्या परीक्षेत मैदानी जातींची बहुतेक पिल्लं हरली, तिबेटी पिल्लं त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त संख्येने बाहेर आली. अंडी उबली सखल भागातल्या यंत्रात, तरी फरक टिकला. म्हणजे तो त्यांच्या रक्तात होता.

रक्तात म्हणजे नेमका कुठे? कोंबडीचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००४मध्ये वाचून झाला. पाळीव पशुपक्ष्यांत तो मान तिला पहिल्यांदा मिळाला. त्यासाठी निवडली होती रानटी तांबड्या कोंबडीची मादी. हा आराखडा सुमारे १०० कोटी अक्षरांचा आहे, माणसाच्या आराखड्याच्या साधारण एक तृतीयांश. त्याच्याशी ताडून पाहत पठारावरच्या आणि मैदानातल्या कोंबड्यांचे आराखडे शेजारी शेजारी ठेवता येतात.

पत्ते नीट पिसले असतील, तर कुणाच्या हातात कोणतं पान येईल सांगता येत नाही. पण दहा डाव वाटले आणि दहाही वेळा एकाच खेळाडूच्या हातात बदामाचा राजा आला, तर तुम्ही भुवया उंचावणारच. जनुकीय आराखड्यातही तसंच. मैदानी कोंबड्यांमध्ये जो भाग तऱ्हेतऱ्हेचा आढळतो, तोच पठारावरच्या जवळजवळ सगळ्या कोंबड्यांमध्ये एकसारखा सापडला, तर तिथे काहीतरी निवड झाली आहे, असं समजायचं. ज्यांच्याकडे ते पान नव्हतं ती पिल्लं कवचातच संपली.

अशा खुणा रक्तवाहिन्या तयार करणाऱ्या, ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशींना सावध करणाऱ्या, हृदयाच्या स्नायूंना लागणाऱ्या कॅल्शियमची ये-जा सांभाळणाऱ्या जनुकांच्या आसपास मिळाल्या आहेत. पठारावरच्या कडक अतिनील किरणांना तोंड देणाऱ्या जनुकांजवळही मिळाल्या आहेत. मात्र वेगवेगळ्या चमूंच्या याद्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. तिबेटी माणसांत ‘ईपास१’ नावाचं एक जनुक ठळकपणे पुढे आलं, आणि ते त्यांना डेनिसोवन या नामशेष मानवसमूहाकडून मिळाल्याचं २०१४मध्ये दिसून आलं. कोंबडीत असा एकच नायक सगळ्यांना सापडलेला नाही. मला हे पटतं. अंड्यातल्या पिल्लाला रक्त, वाहिन्या, हृदय, वाढीचा वेग असं सगळं एकदम सांभाळायचं असतं, तिथे एका जनुकाच्या जोरावर गाडा ओढला जाणं अवघड आहे. ती पुष्कळ लहान लहान गोष्टींची बेरीज असावी.

पक्ष्यांच्या जगात एका जनुकाचीही गोष्ट आहेच. हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या उजनीसारख्या जलाशयांवर पट्टकदंब हंस येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. हिमालय ओलांडून येणाऱ्या या पाहुण्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये छोटासा बदल झालेला आहे, त्यामुळे ते विरळ हवेतला ऑक्सिजन घट्ट पकडतं. तिबेटी कोंबडीच्या हिमोग्लोबिनमध्येही काही बदल नोंदले गेले आहेत, पण तिची सगळी कमाई तेवढ्यावर उभी नाही.

ब्रॉयलरचं हृदय

याच्या अगदी उलट टोकाला आपली ओळखीची ब्रॉयलर कोंबडी. सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाणारी. एवढ्या वेगाने मांस चढतं, पण फुफ्फुसं आणि हृदय त्या वेगाने वाढत नाहीत. मैदानात कसंबसं निभावतं. उंचीवर नेलं की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो, ती बाजू ताणून मोठी होते आणि शेवटी पोटात पाणी साठतं. जलोदर. १९६८मध्ये बोलिव्हियातल्या उंच भागातल्या ब्रॉयलर कळपांत या रोगाची नोंद झाली. पुढे थंडी आणि कोंदट शेड यांच्या जोडीने तो सखल भागातही दिसायला लागला. उंच भागात कोंबड्या पाळणारे म्हणूनच सुरुवातीच्या दिवसांत मुद्दाम खाद्य मोजून देतात, वाढ जरा धीमी ठेवतात.

लेहमध्ये संरक्षण संशोधन खात्याची ‘डिहार’ ही प्रयोगशाळा आहे. सैनिकांना ताजी भाजी, दूध, अंडी जागेवरच मिळावीत म्हणून तिथे जी कामं चालतात, त्यात कोंबडीपालनही आहे. तुमच्या घरातलं कुणी त्या भागात तैनात असेल, तर ताटातलं अंडं तिथपर्यंत पोचणं किती मोलाचं असतं, हे मी सांगायला नको.

पानं येतात कुठून?

तिबेटी कोंबडीने पठारावर चढताना नवीन जनुकं विकत आणली नाहीत. कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे रानटी तांबडी कोंबडी. २०२०मध्ये जगभरातल्या ८६३ कोंबड्यांचे आराखडे तपासून झालेल्या अभ्यासाने तिच्या माणसाळण्याची जागा नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यात दाखवली. ही सगळी उबदार, झाडीची जागा. तिथून निघालेल्या कोंबड्यांच्या कळपात इतकी विविधता होती, की कुठल्यातरी कोंबडीकडे विरळ हवेत उपयोगी पडणारं एखादं पान आधीच होतं, कुणाकडे नंतर नव्याने आलं. मैदानात त्याचा काही उपयोग नव्हता. ते नुसतं पडून होतं.

या पत्त्यांच्या जोडात सह्याद्रीचंही एक पान आहे, आणि ते ऐकून तुम्हाला बरं वाटेल. कोंबडीचे पिवळे पाय आणि पिवळी कातडी आपल्याला इतकी नेहमीची वाटते की त्याबद्दल कुणी विचारत नाही. तांबड्या रानकोंबडीत हा रंग नसतो. २००८मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की पिवळ्या कातडीचं जनुक बहुधा करड्या रानकोंबडीकडून आलं. हीच ती, पश्चिम घाटात पहाटे ओरडणारी, मानेवर ठिपक्यांची पिसं मिरवणारी, फक्त भारतात राहणारी. न्यूयॉर्कच्या दुकानातल्या पिवळ्या कोंबडीतसुद्धा आपल्या रानातला एक वाटा आहे.

विरळ हवेचं पान मात्र महाराष्ट्रातल्या कोंबडीकडे असण्याचं काही कारण नाही. कळसूबाईचं शिखरसुद्धा १,६४६ मीटर. इथे ऑक्सिजनची तंगी कोंबडीला कधी भासलीच नाही. आपल्याकडच्या जातींनी वेगळी पानं जपली. नंदुरबार-धुळे आणि लगतच्या गुजरातमधली बुसरा परसात चरून जगते. मध्य प्रदेशातल्या झाबुआची कडकनाथ तिच्या आतपर्यंत काळ्या रंगासाठी प्रसिद्ध आहे. आराखड्याचा एक तुकडा दुप्पट झाल्यामुळे तो रंग येतो. (तिचं मांस औषधी असल्याच्या जाहिराती वाचताना जरा हात राखूनच विश्वास ठेवा.) उघड्या मानेच्या कोंबड्यांना पिसं कमी असतात, म्हणून उन्हाळा त्यांना सोसतो. उत्तराखंडच्या कुमाऊँमधली उत्तरा आणि काश्मीरची फॅव्हरोला या डोंगरातल्या नोंदणीकृत जाती. उत्तरातल्या काही कोंबड्यांच्या पायांवरही पिसं असतात. त्या राहतात त्या उंचीवर प्रश्न थंडीचा आणि चाऱ्याचा जास्त, श्वासाचा कमी.

अशा जातींची नोंद हरियाणातल्या कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था ठेवते. नोंद झाली म्हणजे जात वाचली, असं मात्र नाही.

पान हरवतं तेव्हा

२००८मध्येच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाचा निष्कर्ष होता, की व्यापारी कोंबड्यांच्या शुद्ध वाणांमध्ये मूळ विविधतेतला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग उरलेलाच नाही. थोड्या कंपन्या, थोडे वाण आणि एकच कसोटी, अंडी नाहीतर मांस. त्या कसोटीला न लागणारं पान जोडातून निघून जातं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. वर्षाला ३०० अंडी देणारी कोंबडी नसती, तर अंडं आज सामान्य घरात रोज परवडलं नसतं.

पण उरलेली विविधता आहे कुठे? ती परसात आहे. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यातले ३१ कोटी ७० लाख परसातले होते, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त. आकडा वाचून आनंद होतो. मात्र परसातली प्रत्येक कोंबडी देशी नसते. सुधारित, संकरित पिल्लं गावोगाव वाटली जातात, विकली जातात. ६०-७० अंड्यांच्या जागी त्याच्या दुपटीने अंडी मिळत असतील, तर ज्या बाईचा मुलांच्या वह्यांचा खर्च त्यातून निघतो तिने ती का घेऊ नयेत? घ्यावीतच. अडचण पुढे येते. संकरित कोंबडा गावातल्या सगळ्या कोंबड्यांत फिरतो. दोनतीन पिढ्यांनी कोंबड्या दिसायला रंगीबेरंगी गावरानच दिसतात, आतला जोड मात्र बदललेला असतो. तिबेटी कोंबडीलाही खालून येणाऱ्या जातींशी होणाऱ्या संकराचा धोका आहेच.

गाय-म्हैस असती तर वीर्य, भ्रूण गोठवून ठेवता आले असते. कोंबडीच्या बाबतीत निसर्गाने पंचाईत करून ठेवली आहे. बलकाने भरलेलं एवढं मोठं अंडं गोठवून पुन्हा जिवंत करता येत नाही. कोंबड्याचं वीर्य गोठवता येतं, पण त्यात कोंबडीचा वाटा नसतो. माणसात मुलगा की मुलगी ते बापाकडून ठरतं. पक्ष्यांत नर की मादी ते आईकडून ठरतं, आणि फक्त मादीकडे असणारं गुणसूत्र कोंबड्याच्या वीर्यात येतच नाही. डॉली मेंढी जिथे जन्मली त्या स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेने यावर एक वाट शोधली आहे. अगदी सुरुवातीच्या गर्भातल्या जननपेशी गोठवायच्या आणि स्वतःची अंडी तयार न होणाऱ्या कोंबडीत त्या घालायच्या. मग ती कोंबडी दुसऱ्याच जातीची अंडी देते. काम थक्क करणारं आहे, खर्चिकही आहे. तोवर एखादी जात राखायची तर जिवंत कोंबड्यांच्या रूपातच राखावी लागते.

शहरात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तपकिरी कवच म्हणजे गावरान अंडं असं मुळीच नाही. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो आणि हजारोंच्या शेडमध्ये तपकिरी अंडी देणारे व्यापारी वाणही आहेत. जास्त पैसे मोजणार असाल, तर रंग पाहू नका. कोंबडी कुठली, खुडूक बसते का, पिल्लं घरचीच की विकतची, असं विचारा. व्यापारी लेअर कोंबडीची खुडूक बसण्याची सवयच निवडीतून जवळजवळ घालवलेली आहे, त्यामुळे हा एक प्रश्न बरंच काही सांगून जातो.

आणि ज्यांच्या दारात अजून खुराडं आहे, त्यांनी घरचा एखादा चांगला कोंबडा राखावा, प्रत्येक वेळी बाहेरचा आणू नये. कोणत्या कोंबडीखाली किती अंडी ठेवली आणि किती पिल्लं निघाली, हे एका वहीत लिहून ठेवावं. गावातल्या बायका हा हिशोब तोंडपाठ ठेवतात. “तेरा बसवली, अकरा निघाली,” असं त्या डालगं उचलतानाच सांगतात, आणि कोणती तलंग पुढे ठेवायची, कोणती विकायची ते त्यावर ठरवतात. व्हाइट माउंटन्सच्या बर्फात शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हाच आकडा मोजत होते.